वाचकांचे प्रश्न : यकृताची गाठ आणि मायक्रोआरएनए

मागच्या अंकात मायक्रोआरएनए या चिमुकल्या रेणूंवर एक टिपण छापलं होतं. त्यावर नाशिक शहरातून आणि येवला-निफाडकडून बरीच पत्रं आली आणि बहुतेकांचा रोख यकृताच्या कर्करोगाकडे होता. त्यातले सात प्रश्न निवडले आहेत. उत्तरं यकृतविकार आणि रेणवीय जीवशास्त्र या विषयांत काम करणाऱ्यांनी दिली आहेत. पत्र पाठवणाऱ्यांची नावं गाळली आहेत. प्रयोगशाळेत या रेणूंना 'मीर' आणि पुढे क्रमांक अशी नावं देतात, ती इथे तशीच ठेवली आहेत.

पेशीत डीएनए, त्यावरून आरएनए, त्यावरून प्रथिन, असं आम्ही तीस वर्षं शिकवलं. मायक्रोआरएनए यात कुठे बसतो? आणि त्याच्या चर्चेत यकृतच एवढं का येतं?
— निवृत्त विज्ञान शिक्षक, देवळाली कॅम्प

सर, तुम्ही शिकवलेली साखळी आजही तशीच आहे. मायक्रोआरएनए तिच्या मधल्या कडीवर काम करतो. एखाद्या संदेशवाहक आरएनएवरून प्रथिन किती बनू द्यायचं, यावर त्याचा लगाम असतो. त्याच्यापासून स्वतः कुठलंच प्रथिन बनत नाही. त्याची लांबी जेमतेम २२ अक्षरांची (आरएनएचा एकेक घटक म्हणजे एक अक्षर), आणि ज्या संदेशाला तो आवरतो तो बऱ्याचदा हजारो अक्षरांचा.

तो तयार कसा होतो हे नाशिककरांना द्राक्षबागेवरून चटकन कळेल. वेलीला वर्षात दोन छाटण्या, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. या रेणूच्याही दोन छाटण्या होतात. पहिली केंद्रकात. तिथे ड्रोशा नावाचं विकर लांबलचक धाग्यातून आकड्यासारखा दुमडलेला, साधारण ७० अक्षरांचा तुकडा कापून काढतं. एक्सपोर्टिन-५ हे प्रथिन तो तुकडा केंद्रकाबाहेर नेतं. बाहेर डायसर नावाचं दुसरं विकर त्याचा वळसा उडवतं आणि सुमारे २२ अक्षरांची जोडपट्टी उरते. तिच्यातली एक पट्टी आर्गोनॉट या प्रथिनाच्या खोबणीत बसते, दुसरी सहसा नष्ट होते. पट्टीची दुसरी ते आठवी अक्षरं म्हणजे तिचा बीजभाग. हा भाग एखाद्या संदेशाच्या शेपटाकडच्या अक्षरांशी जुळला, की त्या संदेशाचं वाचन मंदावतं आणि पुढे तो संदेशच मोडीत निघतो.

परिणाम किती होतो, तर घडाच्या विरळणीइतका. विरळणीत घड तोडत नाहीत, प्रत्येक घडातले थोडे मणी काढतात, पण बागेतल्या सगळ्या घडांचे काढतात. एक मायक्रोआरएनए शेकडो संदेशांवर असाच थोडा थोडा हात फिरवतो. एकेका प्रथिनात फरक लहान पडतो, पण पेशीच्या वागण्यात मोठा.

व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांनी १९९३ मध्ये एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीत पहिला मायक्रोआरएनए दाखवला. तेव्हा तो त्या कृमीपुरताच आहे असं वाटलं होतं. २००० मध्ये लेट-७ सापडला आणि तोच माणसातही निघाला, तेव्हा सगळ्यांचं लक्ष तिकडे वळलं. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना याच कामासाठी मिळालं.

यकृताचं म्हणाल तर कारण एकच आहे : मीर-१२२. निरोगी यकृतपेशीत जितके मायक्रोआरएनए असतात त्यातले सुमारे ७० टक्के हा एकटा असतो. इतर अवयवांत तो जवळपास नसतोच. एवढं वजन एकाच रेणूवर असल्यामुळे तो घटला की काय होतं, हे यकृतात फार स्पष्ट दिसतं.

वडील ६१ वर्षांचे, हिपॅटायटिस बीमुळे सिरोसिस झालेला. सोनोग्राफीत २.४ सेंटिमीटरची गाठ दिसली. एका कलेक्शन सेंटरमध्ये 'रक्तातून मायक्रोआरएनए पॅनल करा, कर्करोग आहे की नाही ते लगेच कळेल, सीटी लागणार नाही' असं सांगितलं. करावी का?
— एक वाचक भगिनी, सिडको

ताई, त्या तपासणीसाठी थांबू नका. वडिलांना आता लागतो तो कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठावदार करणारं औषध, देऊन केलेला, वेगवेगळ्या टप्प्यांत चित्रं घेणारा सीटी किंवा एमआरआय. केंद्रावर फोन करताना 'ट्रायफेजिक लिव्हर प्रोटोकॉल' हे शब्द सांगा. साधा पोटाचा सीटी करून आणला तर तो पुन्हा करावा लागतो, आणि ही चूक वारंवार होते.

टप्पे का लागतात ते सांगतो. निरोगी यकृताला तीन चतुर्थांशाच्या आसपास रक्त पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्याकडून येणाऱ्या शिरेतून मिळतं. कर्करोगाची गाठ मात्र मुख्यतः धमनीवर पोसते. औषध धमनीत असतं त्या सेकंदांत गाठ आजूबाजूपेक्षा उजळ दिसते. नंतर शिरेच्या टप्प्यात बाकीचं यकृत उजळतं आणि गाठ काळवंडते. सिरोसिस (व्रणांनी कडक झालेलं यकृत) किंवा जुना हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात एक सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठीत हा आधी उजळ मग काळसर असा नमुना स्पष्ट दिसला, तर बहुतेक वेळा सुईने तुकडाही काढावा लागत नाही. जाण्याआधी क्रिएटिनिन करून घ्या, कारण कॉन्ट्रास्टचा भार मूत्रपिंडावर पडतो. सोबत एएफपी (यकृताच्या कर्करोगात वाढू शकणारं रक्तातलं प्रथिन), बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आणि हिपॅटायटिस बीचा डीएनए किती आहे हेही करा. यकृतात उपचार सोसण्याची ताकद किती, ते यावरून ठरतं.

आता पॅनलबद्दल. रक्तातल्या मायक्रोआरएनएवरचं संशोधन खरं आहे. हिपॅटायटिस बीच्या रुग्णांत सात मायक्रोआरएनए एकत्र मोजून कर्करोग ओळखण्याचं चीनमधलं मोठं काम २०११ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. पण तुमच्यापुढे प्रश्न आहे एका दिसणाऱ्या गाठीचा. पॅनल 'नॉर्मल' आलं म्हणून ती गाठ सोडून देता येत नाही, आणि 'वाढलेलं' आलं तरी सीटी करावाच लागतो. दोन्हीकडून वाट सीटीकडेच जाते, मधले दिवस आणि पैसे तेवढे जातात.

यात आणखी एक फसगत आहे. गाठीच्या आत मीर-१२२ बहुधा कमी होतो, पण रक्तात तो वाढलेला सापडतो. यकृतपेशी फुटल्या की आतला माल रक्तात सांडतो, जसं एसजीपीटी हे यकृताचं विकर वाढतं तसंच. काविळीच्या सुजेनेही वाढतो, दारूनेही वाढतो. म्हणून एकट्या मीर-१२२ चा आकडा पाहून कर्करोग आहे असं म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही.

गाठ एकटी आणि अडीच सेंटिमीटरच्या आतली आहे, हे महत्त्वाचं आहे. निदान पक्कं झालं तर शस्त्रक्रिया, सुईने गाठ जाळणं किंवा यकृत प्रत्यारोपण हे तिन्ही मार्ग या आकाराला खुले असतात. प्रत्यारोपणासाठी वापरला जाणारा मिलान निकष एकच गाठ ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीन गाठी प्रत्येकी ३ सेंटिमीटरपर्यंत आणि रक्तवाहिनीत शिरकाव नसलेला, असा आहे. म्हणून सीटी याच आठवड्यात करा. आणि वडिलांची हिपॅटायटिस बीची रोजची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. ती एकदम थांबली की विषाणू उसळतो आणि आधीच थकलेलं यकृत कोलमडू शकतं.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी 'यकृताच्या कर्करोगाची वाढ आणि प्रसार यांत मायक्रोआरएनए' हा विषय घेतला आहे. यादी प्रचंड आहे. नेमके कुठले धरावेत आणि ते करतात काय? पेशींवर प्रयोग करताना काय सांभाळावं?
— जैवतंत्रज्ञान विद्यार्थिनी, कॉलेज रोड

यादीच्या मागे लागलीस तर वर्ष संपेल. पेशीच्या अडचणीवरून सुरुवात कर. गाठीला वाढायचं असेल तर ब्रेक काढावे लागतात, आणि पसरायचं असेल तर जागा सोडावी लागते. या दोन कामांत कोण हात घालतं ते बघ.

वाढीच्या बाजूला मीर-२१ आणि मीर-२२१ हे दोघे यकृताच्या गाठींत वारंवार वाढलेले सापडतात. मीर-२१ पीटेन हे प्रथिन दाबतो. पीटेन हा एकेटी या वाढीच्या मार्गावरचा पहारेकरी आहे. तो झोपला की पेशीला 'जग आणि वाढ' हा हुकूम सतत मिळत राहतो. मीर-२२१ पी२७ आणि पी५७ ही दोन प्रथिनं दाबतो. पेशीने विभाजनाच्या उंबरठ्यावर थांबावं म्हणून हे दोन ब्रेक असतात. उलट बाजूला मीर-२६ए हा सायक्लिन डी२ आणि ई२ या विभाजन पुढे रेटणाऱ्या प्रथिनांना आवरणारा, म्हणजे स्वतःच ब्रेक. गाठीत तो घटतो. २००९ मध्ये मिक जनुकामुळे यकृतात गाठी होणाऱ्या उंदरांना विषाणूवाहकातून मीर-२६ए दिला तेव्हा गाठींची वाढ ठळकपणे रोखली गेली. लेट-७ घटला की रास हे वाढीला चालना देणारं प्रथिन मोकळं सुटतं, तोही याच रांगेतला.

मीर-१२२ ला मात्र वेगळी जागा दे. तो यकृतपेशीला यकृतपेशी म्हणून टिकवतो. २०१२ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी मीर-१२२ काढून टाकलेले उंदीर अभ्यासले. त्यांच्या यकृतात आधी चरबी साठली, मग सूज आली, मग तंतू वाढले आणि शेवटी गाठी झाल्या. माणसात फॅटी लिव्हरपासून कर्करोगापर्यंतचा जो प्रवास दिसतो तोच क्रम एका रेणूच्या अभावाने उभा राहिला. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत बोलका पुरावा आहे. प्रकल्पाचा कणा हाच ठेव.

पसरण्याकडे येऊ. यकृतपेशी शेजारणीला ई-कॅडहेरिन या प्रथिनाने धरून असते. झेब१ आणि झेब२ हे दोघे ई-कॅडहेरिनचं जनुक बंद करतात. मीर-२०० कुटुंब या झेबना दाबून ठेवतं, आणि झेब उलटून मीर-२०० चं जनुक दाबतात. म्हणजे पारडं एकदा झुकलं की झुकतच जातं. मीर-२०० हरला की पेशी शेजार सोडते, लांबट होते, सरपटू लागते. दुसरा मासला मीर-१५१. आठव्या गुणसूत्राच्या लांब बाहूच्या टोकाकडे फॅक या जनुकाच्या पोटात त्याची जागा आहे. यकृताच्या गाठींत या बाहूच्या जादा प्रती नेहमी सापडतात, त्यामुळे फॅक आणि मीर-१५१ जोडीने वाढतात. फॅक पेशीला सरकायला मदत करतो आणि मीर-१५१ आरएचओजीडीआयए हा अडसर काढतो. गुणसूत्राच्या एकाच चुकीत गाडीही मिळाली आणि फाटकही उघडलं.

तिसरी गोष्ट गाठीबाहेरची. कर्करोगाच्या पेशी एक्झोसोम नावाच्या सूक्ष्म पिशव्या सोडतात. त्यांतून गेलेला मीर-१०३ रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींत शिरतो आणि त्यांना एकमेकींशी सांधणारी प्रथिनं कमी करतो. अस्तर गळकं होतं आणि गाठीच्या पेशींना रक्तात शिरायला वाट मिळते. यकृताचा कर्करोग पोर्टल व्हेनमध्ये घुसतो, तिथून यकृताच्या दुसऱ्या भागात जातो, आणि बाहेर गेला तर फुप्फुस, हाडं, लसिकाग्रंथी, अधिवृक्क ग्रंथी गाठतो. प्रयोगात बघितलेलं या वाटेशी जोडून लिही.

आता पेशींबद्दल. सगळ्यांत जास्त वापरली जाणारी हेपजी२ ही पेशीरेषा (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेला पेशींचा वंश) प्रत्यक्षात लहान मुलांत होणाऱ्या हिपॅटोब्लास्टोमा या यकृताच्या गाठीतून आलेली आहे. तिच्यात मीर-१२२ जवळजवळ नसतो, ह्यूह७ मध्ये भरपूर असतो. म्हणून मीर-१२२ वाढवून बघायचा असेल तर हेपजी२ आणि दाबून बघायचा असेल तर ह्यूह७. उलट केलंस तर परिणाम दिसणार नाही आणि दोष अभिकर्मकावर जाईल. पी५३ या गाठ रोखणाऱ्या प्रथिनाचीही नोंद ठेव : हेपजी२ मध्ये तो शाबूत, हेप३बी मध्ये गायब, ह्यूह७ मध्ये बिघडलेला.

मायक्रोआरएनएची कृत्रिम नक्कल १० ते ५० नॅनोमोलरच्या वर नेऊ नकोस. जास्त टाकली की ती सगळे आर्गोनॉट अडवून बसते, पेशीचे स्वतःचे मायक्रोआरएनए बाहेर राहतात आणि जे दिसतं ते गर्दीचं फळ असतं. 'अमुक मीर तमुक जनुकाला दाबतो' असं लिहायचं तर ल्युसिफरेज चाचणीत (दाबणं किती झालं ते प्रकाशावरून मोजणाऱ्या) बीजभागाशी जुळणारी अक्षरं बदललेला नमुना बरोबर हवाच. तिथे दाबणं थांबलं पाहिजे. मग वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन मोजणाऱ्या चाचणीत प्रथिन घटलेलं दाखव. शेवटी तेच प्रथिन, शेपूट नसलेल्या रूपात, पेशीला परत देऊन परिणाम पुसला जातो का बघ. हा शेवटचा टप्पा बरेच जण गाळतात आणि परीक्षक नेमका तिथेच बोट ठेवतात.

आमच्याकडे एका अभ्यासासाठी रक्ताचे नमुने घेतो. एकाच रुग्णाच्या दोन नळ्यांत पीसीआरची सीटी मूल्यं (रेणू कितव्या सायकलला दिसू लागला तो आकडा, सीटी स्कॅन नव्हे) तीन-चार सायकलनी वेगळी येतात. चूक कुठे होते?
— लॅब टेक्निशियन, द्वारका

एक सायकल म्हणजे दुप्पट फरक, तीन म्हणजे आठपट, चार म्हणजे सोळापट. इतका फरक सहसा पीसीआर मशीनचा नसतो, तो आधीच नळीत झालेला असतो.

पहिला संशय हिमोलिसिसवर, म्हणजे तांबड्या पेशी फुटण्यावर घ्या. तांबड्या पेशींत मीर-४५१ आणि मीर-१६ ठासून भरलेले असतात. थोड्या पेशी फुटल्या तरी प्लाझ्मातला आकडा उडतो. २१ गेजची सुई वापरा, पट्टा मिनिटाच्या आत सोडा, सिरिंजने ओढून नळीत दाबून भरू नका, नळी जोरात हलवू नका, आठ-दहा वेळा हळुवार उलटी-सुलटी करा. प्लाझ्मा डोळ्यांना पिवळाधमक दिसला तरी विश्वास ठेवू नका. ४१४ नॅनोमीटरवर शोषण बघा, ०.२ च्या वर गेलं तर नमुना बाजूला ठेवा. पीसीआरनंतर आणखी एक पडताळा आहे. मीर-२३ए च्या सीटीमधून मीर-४५१ए चा सीटी वजा करा. उत्तर ५ च्या आत असेल तर ठीक, ७ च्या वर गेलं तर नमुना हिमोलाइज झालेला समजा.

दुसरी गोष्ट नळी. जांभळ्या टोपणाची ईडीटीए घ्या. हिरव्या टोपणातलं हेपॅरिन पीसीआरच्या विकराला अडवतं आणि सगळेच सीटी उशिरा येतात. अर्धे नमुने सीरम आणि अर्धे प्लाझ्मा असं तर कधीच करू नका.

तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे प्लेटलेट. सेंट्रिफ्यूजमध्ये एकदाच फिरवलेल्या प्लाझ्मात त्या भरपूर उरतात आणि गोठवून वितळवलं की फुटून आपले मायक्रोआरएनए ओततात. रक्त घेतल्यापासून दोन तासांत पहिला फेरा २,००० जी वर १० मिनिटं. वरचा प्लाझ्मा उचलताना पांढऱ्या थराच्या वर अर्धा सेंटिमीटर सोडून द्या, तिथे मोह नको. मग दुसरा फेरा १०,००० जी वर १० मिनिटं, आणि तळाशी थोडं सोडून २०० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० वर. फिरवण्याआधी रक्त बर्फावर ठेवू नका, थंडीने प्लेटलेट चेतवल्या जातात. एप्रिल-मेच्या उन्हात नळी गाडीच्या डिकीत ठेवणंही तितकंच वाईट. १८ ते २५ अंशांचा डबा पुरे.

इथे जी (गुरुत्वाच्या किती पट जोर) आणि आरपीएम (मिनिटाला फेरे) यांची गल्लत फार होते. जी = ०.००००१११८ × त्रिज्या सेंटिमीटरमध्ये × आरपीएमचा वर्ग. रोटरची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर ३,००० आरपीएमला जेमतेम १,००० जी मिळतात. २,००० जी साठी साधारण ४,२३० आरपीएम लागतात. दोन नळ्या दोन वेगळ्या मशीनवर 'तीन हजाराला' फिरवल्या असतील तर तुमचा फरक बहुधा तिथेच आहे.

तुलनेचा आधारही तपासा. मीर-१६ आधार म्हणून घेतला तर हिमोलिसिस थेट उत्तरात उतरतं. यू६ हा पेशीतला छोटा आरएनए प्लाझ्मात टिकत नाही. सूत्रकृमीचा मीर-३९ बाहेरून टाकत असाल तर लायसिस बफर मिसळल्यानंतरच टाका. आधी टाकलात तर प्लाझ्मातली आरएनए तोडणारी विकरं तो काही क्षणांत फस्त करतात. नॅनोड्रॉप या मोजणी यंत्रावर प्लाझ्माचा आरएनए मोजत बसू नका, इतकं कमी प्रमाण त्याला नीट दिसत नाही. प्रत्येक नमुन्यातून सारखाच आकार घ्या. आणि अभ्यास आखणाऱ्यांना एक सांगा : कर्करोगाच्या रुग्णांची तुलना धडधाकट माणसांशी करू नका, सिरोसिसच्या रुग्णांशी करा. नाहीतर चाचणी यकृत बिघडलंय एवढंच ओळखेल.

बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांनी यकृताचा कर्करोग होतो हे खरं का? भाजून, कूट करून चालतं का?
— गृहिणी, येवला तालुका

खरं आहे, आणि भाजून चालत नाही. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते आणि ते घरच्या भाजण्या-शिजवण्याने पुरतं नाहीसं होत नाही. ते यकृतात जाऊन पी५३ जनुकाच्या २४९ व्या जागी ठरावीक बदल घडवतं. पी५३ बिघडला की तो ज्याला जागं करतो तो मीर-३४ए हा ब्रेकही ढिला पडतो. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात दोन्ही धोके एकमेकांना वाढवतात.

शेंगा काढल्यावर दाणा आत खुळखुळेपर्यंत वाळवा, ओलावा ८ टक्क्यांच्या आत आला पाहिजे. पोती थेट जमिनीवर नकोत, खाली फळ्या घाला. फुटक्या, सुरकुतलेल्या, हिरवट-पिवळ्या दाण्यांतच विष साठतं, ते निवडून फेका. कुटात घालू नका आणि दुभत्या जनावरालाही घालू नका, कारण ते दुधातून परत घरात येतं. मक्यालाही हेच लागू.

गाठीत मीर-१२२ किंवा मीर-३४ए कमी असेल तर बाहेरून देऊन आजार बरा होईल का? काही खाऊन वाढतो का?
— द्राक्ष बागायतदार, निफाड

विचार बरोबर आहे आणि तो करूनही पाहिला गेला. मीर-३४ए ची नक्कल चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरून एमआरएक्स३४ हे औषध बनवलं आणि २०१३ मध्ये माणसांवरची चाचणी सुरू झाली. काही रुग्णांत गाठ आक्रसलीही. पण प्रतिकारशक्ती भडकून गंभीर दुष्परिणाम झाले आणि २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. आधी सांगितलेली विरळणी आठवा. एक रेणू शेकडो संदेशांवर हात फिरवतो, आणि तो गाठीत जातो तसा निरोगी पेशींतही जातो.

उलट दिशेचं औषधही झालं. हिपॅटायटिस सी विषाणू वाढीसाठी मीर-१२२ चाच टेकू घेतो, म्हणून तो अडवणारं मिराविरसेन आलं आणि २०१३ मध्ये त्याने रुग्णांच्या रक्तातला विषाणू कमी झाल्याचं दिसलं. पण पाठोपाठ आलेल्या सोफोसबुविरच्या गोळ्यांनी १२ आठवड्यांत बहुतेक रुग्ण बरे होऊ लागले आणि त्याची गरज उरली नाही.

खाण्याचं : असा कुठलाही पदार्थ किंवा काढा नाही. यकृतासाठी म्हणून गुळवेल रोज घेत असाल तर थांबवा. ती घेतल्यानंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. सिरोसिस असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी, छाटणीच्या तारखांसारखं वहीत लिहून ठेवा. एप्रिल आणि ऑक्टोबर, तुम्हाला वेगळी आठवणही करावी लागणार नाही.

नवऱ्याला हिपॅटायटिस बी निघाला आहे. मी पाच महिन्यांची गरोदर आहे. बाळाला पुढे कर्करोग होईल का?
— एक वाचक, सातपूर

आधी तुमची स्वतःची एचबीएसएजी ही हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी आजच करून घ्या. बाळाला हा विषाणू लागण्याचा, आणि म्हणून पुढच्या कर्करोगाचाही, धोका मुख्यतः आईकडून, प्रसूतीच्या वेळी असतो. तुमची तपासणी निगेटिव्ह आली आणि लस झालेली नसेल तर गरोदरपणातही लस घेता येते : पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. एका ताटात जेवल्याने किंवा जवळ बसल्याने हा विषाणू जात नाही. दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश मात्र वेगळे ठेवा, आणि तुमचे डोस पूर्ण होईपर्यंत निरोध वापरा.

पॉझिटिव्ह आली तर विषाणूचा डीएनए मोजून घ्या. तो २ लाख युनिटच्या वर असेल तर २८ व्या आठवड्यापासून टेनोफोविरची गोळी देतात. प्रसूती जिथे करायची तिथे नाव घालतानाच सांगून ठेवा, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) आणून ठेवलेलं असेल. बाळाला ते आणि लसीचा पहिला डोस जन्मानंतर १२ तासांत, वेगवेगळ्या मांड्यांत मिळाला पाहिजे. रात्री किंवा रविवारी जन्म झाला म्हणून 'उद्या देऊ' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. पुढचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना. अंगावर पाजायला हरकत नाही. बाळाची तपासणी नऊ महिन्यांनंतर करा, कारण त्याआधी टोचलेलं इम्युनोग्लोब्युलिन रक्तात असतं आणि लस लागू पडली की नाही ते कळत नाही.